सवलत आणि साधन

दहावीच्या परीक्षेला दोन-तीन महिने उरले की मुंबईच्या उपनगरांतील काही घरांतून एक निराळीच शोधाशोध सुरू होते. ती शिकवणीवर्गाची नसते, की अपेक्षित प्रश्नसंचाचीही नसते. ती लेखनिकाची असते. बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत, मुलुंडच्या एखाद्या चाळीत, ओळखीच्या शिक्षकांकडे आईवडील विचारत फिरतात : आमच्या मुलाचा पेपर लिहायला नववीतला एखादा विद्यार्थी मिळेल का? नियमानुसार तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याचे अक्षर बरे हवे, शुद्धलेखन त्याहून बरे हवे, त्या दिवसांत त्याची स्वतःची परीक्षा नसावी, त्याच्या पालकांची संमती हवी आणि केंद्र त्याच्या घरापासून फार लांब नसावे. एवढ्या अटी जुळून आल्या की मग मंडळाच्या परवानगीचा प्रश्न. आणि न जुळल्या, तर ज्याला सबंध इतिहास ऐकून तोंडपाठ आहे असा मुलगा तीन तासांत दीड पान खरडून घरी परततो.

मराठीत मठ्ठ मुलाला ‘ढ’ म्हणतात. ज्याला अक्षरांशीच झगडावे लागते त्याला हिणवण्यासाठीही एक अक्षरच निवडले जावे, हा योगायोग मोठा निर्दय आहे. वस्तुतः हा मुलगा मठ्ठ नसतो. त्याची दृष्टी अधू नसते, श्रवण चांगले असते, बुद्धी इतरांइतकीच आणि कित्येकदा इतरांहून तल्लख असते. लिखित चिन्हाची ध्वनीशी सांगड घालण्याची जी क्रिया बहुतेकांच्या मेंदूत दुसरी-तिसरीपर्यंत सहज होऊ लागते, ती त्याच्या बाबतीत संथ आणि कष्टाची राहते. या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. लेखनाची आणि गणनाची अडचणही अनेकदा तिच्या सोबतीला असते, आणि या साऱ्यांना मिळून ‘विशिष्ट अध्ययन-अक्षमता’ असे नाव आहे. शालेय वयाच्या मुलांत तिचे प्रमाण पाच ते पंधरा टक्के असावे, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून मानले जाते. साठ मुलांच्या वर्गात याचा अर्थ तीन ते नऊ मुले. अशी मुले ज्याला कधीच भेटली नाहीत असा शिक्षक नाही. ओळखली नाहीत असे मात्र पुष्कळ असतील.

मराठी लिपी उच्चारानुसारी आहे, तेव्हा ही इंग्रजीची व्याधी आपल्या मुलांना कशी होईल, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. तो फसवा आहे. ‘दुर्मिळ’ हा साधा शब्द घ्यावा. उच्चारात आधी रकार, मग मकार आणि त्यानंतर इकार येतो. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी मकाराच्या आधी उभी, आणि ज्याचा उच्चार सर्वांआधी व्हायचा तो रकार सर्वांच्या डोक्यावर रफार होऊन बसलेला! डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे जायचे, ध्वनीने मात्र मागेपुढे उड्या मारायच्या. घ आणि ध, भ आणि म यांतील सूक्ष्म भेद, जोडाक्षरांची बदलती रूपे, ही भर निराळीच. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना सहा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा तिची थट्टा पुष्कळ झाली. परंतु तिच्यामागची अडचण खरी होती, हे त्या गदारोळात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

शंभर वर्षांचे अंतर

या अवस्थेची पहिली ठळक वैद्यकीय नोंद इंग्लंडमधील आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, खेळात चपळ. पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. ज्या शिक्षकाने त्याला काही वर्षे शिकविले होते त्याचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्या शिक्षकाला वाटत होते. या एका अभिप्रायात सबंध प्रश्न सामावला आहे. मुलाजवळ बुद्धी आहे, ज्ञान घेण्याची इच्छा आहे. ज्ञान त्याच्यापर्यंत ज्या दाराने येते ते एकच दार अरुंद आहे. दुसरे दार उघडले तर?

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना अधिकृत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिक, एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. या सवलतींचा उपयोग झाला, यात शंका नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सवलती घेऊन परीक्षा दिलेल्या मुलांचे शालान्त परीक्षेतील गुण निदानापूर्वीच्या वार्षिक परीक्षेतील गुणांपेक्षा लक्षणीय वाढलेले दिसले. पुढे २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अध्ययन-अक्षमतेला एकवीस अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले. १९९५ च्या कायद्यातील सातांच्या यादीत ती नव्हती.

ही वाटचाल मोलाची आहे. तथापि तीस वर्षांनंतर एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. सवलत म्हणजे नेमके काय? सवलत परीक्षेच्या तीन तासांपुरती असते. वाचावे मात्र दहा वर्षे लागते. सवलत ओझे कमी करते, ओझे उचलण्याची शक्ती देत नाही. गणित जड जाते, तर सोपे गणित घ्या. भाषा जड जाते, तर भाषा सोडा. शासनाला याहून स्वस्त उपाय नाही, कारण त्याला काहीच पुरवावे लागत नाही. किंमत विद्यार्थी मोजतो, आणि ती पुढे कधीतरी, महाविद्यालयाच्या किंवा नोकरीच्या दारात मोजतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरातील मुलाने सूट घेऊन मराठीच सोडली, तर आजीच्या भाषेतले एकही पुस्तक पुढे त्याच्या वाट्याला येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्ती आणि सूट या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि ती साधनाची आहे.

यंत्र स्वस्त झाले

लिखित मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र अमेरिकेत रेमंड कुर्झवाईल यांनी १९७६ साली जगापुढे मांडले. ते अंधांसाठी होते, आकाराने टेबलाएवढे होते आणि त्याची किंमत एखाद्या संस्थेलाच परवडावी अशी होती. आज तेच काम खिशातील फोन करतो. छापील पानाचे छायाचित्र घेतले की त्यातील देवनागरी मजकूर ओळखला जातो आणि मराठीत वाचून दाखवला जातो. बोलू ते मराठीत उमटवण्याची सोय २०१७ पासून सामान्य फोनवर आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचणारी एनव्हीडीए ही प्रणाली २००६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्याच उपनगरातील पवईच्या आयआयटीत २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्याची बाराखडी उमलते, अशी त्याची रचना आहे. तो काही डिस्लेक्सियासाठी केलेला नाही. परंतु मराठी लेखनाची अडचण मराठी लिपीच्याच अंगाने सोडवता येते, हे त्याने दाखवून दिले.

या साधनांविषयी अवास्तव आशा बाळगण्याचे कारण नाही. विशिष्ट वळणाची अक्षरे छापली किंवा रंगीत काच पानावर ठेवली की डिस्लेक्सिया दूर होतो, अशा जाहिरातींना संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. मजकूर ऐकण्याने आकलनाला मदत होते काय, हे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाभ दिसला, पण माफक दिसला. अक्षर आणि ध्वनी यांची पद्धतशीर, टप्प्याटप्प्याने, पुनःपुन्हा सांगड घालून देणारा शिक्षक हाच या मुलांचा मुख्य आधार आहे आणि राहील. मात्र तो शिक्षक आपले काम करीत असताना मुलाचे भूगोल-विज्ञान थांबून राहू नये, हे साधनाने साधते. वाचायला शिकणे आणि वाचून शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रेंगाळली म्हणून दुसरी अडवून धरण्याचे आता कारण उरलेले नाही.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. वस्तूची किंमत उतरली की तिचा वापर वाढतो. किंमत जवळजवळ शून्यावर आली आणि तरीही वापर वाढत नसेल, तर त्या वस्तूला पूरक असणारी दुसरी एखादी वस्तू बाजारात नाही, असे समजावे. दिवा फुकट वाटला, पण तेल मिळत नाही, अशी ती अवस्था असते. उपनगरातील मराठी शाळांत आणि पालिकेच्या शाळांत आज नेमके तेच झाले आहे.

दिवा आहे, तेल नाही

पहिली उणीव यंत्राला वाचता येईल अशा मजकुराची. बालभारतीची पुस्तके महाजालावर विनामूल्य मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु डोळ्यांना दिसणारे पान आणि यंत्राला वाचता येणारा मजकूर यांत फरक आहे. मराठी छपाईत अनेक वर्षे युनिकोडपूर्व फाँट वापरले गेले. अशा फाँटांतील पान पडद्यावर सुबक दिसते. यंत्राला मात्र त्यात निरर्थक चिन्हांची रांग दिसते. छायाचित्रावरून मजकूर ओळखण्याची युक्ती गोष्टीच्या पानाला चालते. कोष्टके, चौकटी, नकाशे आणि सूत्रे यांपुढे ती गडबडते. कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात अपंगांसाठी सुलभ प्रती काढण्याची मोकळीक दिली. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता, आणि त्या कराराच्या छायेत डिस्लेक्सियाचे विद्यार्थीही येतात. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय ही शासकीय ऑनलाइन ग्रंथसंपदाही सुरू झाली. दरवाजे उघडे आहेत. आत मराठीचा शिधा भरण्याचे काम शिल्लक आहे.

दुसरी उणीव वेळेवर होणाऱ्या निदानाची. प्रमाणपत्राविना सवलत नाही आणि साधनही नाही. निदानाची ख्यातनाम केंद्रे शीवच्या लोकमान्य टिळक आणि परळच्या केईएम या पालिका रुग्णालयांत आहेत. बोरिवलीच्या आईला मुलाला घेऊन गर्दीची लोकल पकडावी लागते, शीवला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. आणि तपासण्या एका दिवसात संपत नाहीत. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेली मजुरी. केईएममधील तज्ज्ञांनी २०१९ साली या अक्षमतेच्या आर्थिक भाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्यक्ष खर्चाबरोबर पालकांच्या बुडालेल्या कमाईचा आणि पैशात न मोजता येणाऱ्या मनस्तापाचाही हिशेब मांडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षापासून प्रमाणपत्राची सोय केली आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली. प्रत्यक्षात पुष्कळ मुले या दारापर्यंत पोहोचतात ती प्राथमिक शाळा संपत आल्यावर. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी चाचण्यांनी मोजण्याची जुनी अडचणही आता राहिलेली नाही. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे.

तिसरी उणीव शिक्षकाची. फोन हातात दिला म्हणजे साधन दिले असे होत नाही. कोणत्या धड्याला ऐकणे उपयोगी, कुठे बोट ठेवून वाचणेच आवश्यक, उत्तर तोंडी सांगून मग कसे तपासायचे, हे मुलाला कोणीतरी शिकवावे लागते. जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. तज्ज्ञ आपल्या दाराशी आहेत. त्यांचे ज्ञान घाटकोपरच्या टेकडीवरील शाळेपर्यंत नेणारी व्यवस्था तोकडी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. महिन्याला ही रक्कम तीनशे रुपयांच्याही आत येते. एवढ्या रकमेत मुंबईत खासगी विशेष शिक्षकाचे महिन्याचे चार तासही मिळणे कठीण. मध्यमवर्गीय पालक पदरचे पैसे घालून ते विकत घेतो. ज्याला शक्य नाही त्याच्या मुलाला ‘ढ’ हे बिरुद मात्र विनामूल्य मिळते.

चौथी उणीव परीक्षेच्या नियमांतली, आणि ती सर्वांत निर्णायक. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ च्या फेब्रुवारीत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अपंग परीक्षार्थीला उत्तरे संगणकावर लिहिण्याचा, किंबहुना ध्वनिमुद्रित करण्याचाही पर्याय असावा असे म्हटले होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ साली विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना संगणक वापरू देण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडील सर्वसामान्य शाळेला मात्र अजूनही लेखनिक हाच एकमेव मार्ग ठाऊक असतो. जे साधन परीक्षेत चालणार नाही ते वर्षभर कोण वापरणार? शिक्षक शिकवणार नाही, पालक आग्रह धरणार नाही, विद्यार्थी सवय करणार नाही. परीक्षा हीच आपल्या शिक्षणाची बाजारपेठ आहे, आणि तिथे ज्या नाण्याला किंमत नाही ते कोणी खिशात बाळगत नाही.

नियम असूनही तो खोलीतल्या पर्यवेक्षकाला ठाऊक नसला तर काय होते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. सप्टेंबर २०२१ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला पश्चिम उपनगरातील एका केंद्रावर बसलेल्या, लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला नियमाने देय असलेला एक तासाचा जादा वेळ मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला न्यायालयाने निकाल दिला. परीक्षेतील अशी सोय चाळीस टक्के अपंगत्वाचा निकष गाठणाऱ्यांपुरती मर्यादित नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि झालेला अन्याय दूर करण्याचा मार्ग शोधण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. तत्त्व विजयी झाले. तो एक तास कोणी परत देऊ शकले नाही.

आक्षेपांचा विचार

या साधनांविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते प्रामाणिक आहेत. ऐकायची सोय झाली की मूल वाचायचा कंटाळा करील, हा पहिला. हे भय निराधार नाही. म्हणूनच साधन शिक्षकाच्या देखरेखीखाली हवे आणि वाचनाचा सराव त्याच्या जोडीने चालू हवा. पण ज्याला एक पान वाचायला अर्धा तास लागतो तो मुलगा आज वाचत असतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो वाचण्याचे सोंग करीत असतो, आणि त्या सोंगात त्याची सारी शक्ती खर्च होते. ऐकता ऐकता समोरच्या ओळीवर नजर फिरवणारे मूल निदान पुस्तकाच्या सोबतीला तरी असते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. एकाला यंत्र आणि दुसऱ्याला नुसती लेखणी, हे समान कसे? याचे उत्तर परीक्षा काय मोजते यावर आहे. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेला विद्यार्थ्याचे इतिहासाचे ज्ञान मोजायचे असते, अक्षरे जुळवण्याचा वेग नव्हे. जिथे वाचन हेच मोजायचे आहे तिथे वाचून दाखवणारे यंत्र नसावे, हे उघड आहे. आणि तुलना यंत्र विरुद्ध लेखणी अशी नाहीच. ती यंत्र विरुद्ध लेखनिक अशी आहे. लेखनिकाला उत्तर ठाऊक असू शकते, यंत्राला तोंडून निघालेल्या शब्दांपलीकडे काही लिहू न देण्याची व्यवस्था करता येते. लेखनिक चुकीचे ऐकतो, घाईत शब्द गाळतो, त्याच्या शुद्धलेखनाची शिक्षा परीक्षार्थी भोगतो. यंत्र सांगितलेले पुन्हा वाचून दाखवते आणि चूक दुरुस्त करू देते. निकोप स्पर्धेच्या दृष्टीनेही यंत्रच अधिक विश्वासार्ह आहे.

तिसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. सवलतीला गुणांची किंमत आली की तिचा काळाबाजार होण्याची शक्यता निर्माण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोपे गणित आणि एका भाषेची सूट यांचा मोह निरोगी विद्यार्थ्यालाही होऊ शकतो. परंतु प्रश्न वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा मोह ज्याला चांगले वाचता येते त्याला का व्हावा? जो भरभर वाचू शकतो त्याला यंत्राचे ऐकणे संथच वाटेल. साधन हे ज्याला गरज आहे त्यालाच उपयोगी पडते. सवलतीकडून साधनाकडे जाणे हा गैरव्यवहारावरचाही एक चांगला उपाय आहे.

काय करता येईल

यासाठी नवा आयोग नेमण्याची गरज नाही. बालभारतीने प्रत्येक पाठ्यपुस्तकाचा युनिकोडमधील मजकूर, चित्रांच्या आणि कोष्टकांच्या शब्दवर्णनासह, छापील पुस्तकाबरोबरच प्रसिद्ध करावा. मजकूर छपाईपूर्वी संगणकावरच तयार होत असल्याने हा खर्च एकदाच येतो. पुढे एक विद्यार्थी वापरो वा एक लाख, जादा खर्च शून्य. राज्य मंडळाने प्रश्नपत्रिका ऐकण्याची आणि उत्तर बोलून वा टंकून लिहिण्याची सोय प्रथम प्रत्येक विभागातील ठरावीक केंद्रांवर, महाजालाशी न जोडलेल्या मंडळाच्या स्वतःच्या संगणकांवर द्यावी आणि शाळांना ती नववीच्या प्रारंभीच कळवावी, म्हणजे सरावाला दोन वर्षे मिळतील. लेखनिकाचा पर्याय अर्थातच राहावा. पण तो शेवटचा असावा, एकमेव नसावा.

महापालिकेने निदानाची सोय उपनगरांतील आपल्या रुग्णालयांत ठरावीक वारी तरी उपलब्ध करून द्यावी. दहा बाय बाराच्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या आणि शेजारच्या भांडणांच्या आवाजात, वडील कामावरून परतल्यावर तासभर मिळणाऱ्या घरातल्या एकमेव फोनवर मुलाने निबंध बोलून लिहावा, ही अपेक्षा क्रूर आहे. मुंबईत अभ्यासिका नावाची एक सुंदर परंपरा आहे. घरात जागा नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या मुले तिथे बसून शिकली. प्रत्येक पालिका अभ्यासिकेत एक बंदिस्त कोपरा, एक संगणक, एक पानवाचक आणि दोन श्रवणफोन एवढी सामग्री ठेवणे अशक्य नाही. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांनी ध्वनिपुस्तकांचे एक कपाट उघडले, तर ते त्यांच्या परंपरेला शोभेलच.

एक दुरुस्ती मात्र कायद्यातच हवी. २०१६ च्या अधिनियमाचे सतरावे कलम पुस्तके आणि साहाय्यक साधने विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकते. परंतु ती चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांपुरती आणि अठरा वर्षे वयापर्यंत. म्हणजे बारावी उत्तीर्ण होऊन मुलगा महाविद्यालयाच्या पायरीवर पाऊल ठेवतो, संदर्भग्रंथांचा ढीग प्रथमच समोर येतो, आणि नेमके तेव्हाच साधन हातातून काढून घेण्याची मुभा शासनाला मिळते. पदवीपर्यंत ही मर्यादा वाढवली तर खर्चाचा डोंगर कोसळणार नाही.

मराठी समाजाला हा विचार परका वाटू नये. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बहिणाबाई चौधरींची कविता त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी लिहून ठेवली, आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. तिथे प्रश्न निरक्षरतेचा होता, इथे वेगळा आहे. परंतु धडा एकच. प्रतिभा आणि लेखणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती असली म्हणून प्रतिभा दुसऱ्याची होत नाही. बहिणाबाईंना घरातच लेखनिक लाभला, हे आपल्या भाषेचे भाग्य. उपनगरातील शाळाशाळांतून मागच्या बाकावर बसलेल्या मुलांचे सारे भविष्य असल्या भाग्यावर सोपवणे, साधन हाताशी असताना, कोणत्याही शासनाला शोभणारे नाही.